चुन्यातला अज्जा

प्रभंजन गलगली भित्रे होते, हे धारवाडच्या मळमड्डीत कुणापासून लपलेलं नव्हतं. सरकारी बांधकाम खात्यात त्यांनी चौतीस वर्षं नकाशे काढले, त्यातले निम्मे रस्त्याखालच्या मोऱ्यांचे. त्यांची एकही मोरी कधी वाहून गेली नाही, कारण जिथं एक पाइप पुरला असता तिथं ते तीन दाखवायचे. घराबाहेर पडताना गॅसचा कॉक तीनदा बघायचे, आणि चौथ्यांदा कोपऱ्यावरून परत येऊन. खाकी लिफाफा आला की तो बायकोनं फोडायचा. भिंतीवर पाल दिसली की हे खोली बदलायचे, उगाच तिची अडचण नको.

अशा माणसानं निवृत्तीनंतर शंभर वर्षांचं पडीक घर विकत घेतलं, तेव्हा सगळ्या आळीनं तोंडात बोटं घातली.

घर मुन्सफांचं. कोण मुन्सफ, कुठले, हे सांगणारं आता कुणी उरलेलं नाही. वारस परदेशात, दाराला कुलूप, कौलांत पिंपळ. पण दांडेलीच्या सागवानाचे खांब होते, दीड हात रुंद भिंती होत्या, आणि पुढं अर्धगोल ओसरी होती. तशी ओसरी धारवाडात दुसरी नाही. खात्यात उमेदवारी करत असताना विशीतल्या प्रभंजनरावांनी साहेबांच्या सांगण्यावरून त्या ओसरीचं चित्र काढलं होतं. चित्र साहेबांनी हरवलं, ओसरी मात्र यांच्या डोक्यातून गेली नाही. म्हातारपणी इथं राहायचं आणि इथंच डोळे मिटायचे, एवढं एकच त्यांनी आयुष्यात न घाबरता ठरवलं होतं. आणि ठरवल्याबरोबर ते घाबरले.

"सगळे म्हणतात, पाडा आणि फ्लॅट बांधा," ते बायकोला म्हणाले.

शकुंतलाबाईंनी मुलींच्या शाळेत तीस वर्षं गणित शिकवलं होतं. त्या पेपरातून डोकं वर न काढता म्हणाल्या, "मग?"

"तुला भीती नाही वाटत?"

"एका घरात एक पुरे आहे घाबरायला."

भिंती दुरुस्त करायला अळणावरकडच्या एका खेड्यातून पुंडलिक आला. साठीचा, काटकुळा, डाव्या कानावर बिडी. सगळ्या जिल्ह्यात चुन्याचं जुनं काम येणारा तोच एक उरला होता असं लोक म्हणायचे. तो स्वतः म्हणायचा, अजून एक हाय, पण त्येला दिसत न्हाई. पुंडलिकनं घराला एक फेरी मारली, एका भिंतीला कान लावला, दुसरीला जीभ लावली आणि ओसरीवर बसला.

"शिमीटाचा एक कण आत आणलासा तर मी चाललो, अण्णा."

"नाही आणत," प्रभंजनराव घाईघाईनं म्हणाले.

"चुन्याची भीत श्वास घेती. शिमीट तिचं नाक दाबतं. आणि चुना घाई करून हुत न्हाई. पाण्यात तीन म्हैने निवला पायजे. लोण्यासारखा झाला की मी सांगीन, मग भितीला हात लावायचा."

मग बाजूच्या अंगणात, रस्त्याच्या कडेला, पुरुषभर लांबीचा खड्डा खणला. कळीचा चुना आला. पाणी ओतल्याबरोबर त्यातून असा काही फूत्कार आणि वाफ निघाली की प्रभंजनराव थेट माजघरात जाऊन उभे राहिले. पुंडलिक काठीनं ढवळत होता, रोज थोडी नवी कळी विरवत होता. चुन्यात मिसळायला गूळ आला, हिरडे आले, हिरड्यांचं काळं पाणी रांजणात मुरू लागलं. सगळं नीट चाललं होतं. घोटाळा झाला तो तंबाखूचा.

अंगणाची कुंपणभिंत पडून कमरेइतकी उरली होती. तिच्यापलीकडं रिक्षास्टँड. आता ज्याच्या तळहातावर तंबाखू आहे आणि समोर हात लांब केला की चुना आहे, असा माणूस डबीतला चुना काढेल कशाला? आधी एक अंगठा आला. मग चार आले. आठवड्यात रिक्षावाले, दूधवाला, टपालवाला, बँकेतून पेन्शन घेऊन परतणारे म्हातारे, सगळे जाता जाता खड्ड्याला अंगठा लावून पुढं जाऊ लागले. तीन किलोमीटरवरून एक गृहस्थ खास फिरायला येतात असं कळलं. चुना चांगलाच होता, त्यात त्यांची काय चूक.

पुंडलिकनं एका कोपऱ्यात हातभर भिंत नमुन्याला लिंपली होती. ती वाळल्यावर तिच्यावर तपकिरी ठिपके उमटले, देवी आल्यासारखे. त्यानं प्रभंजनरावांना बोलावून ठिपका दाखवला.

"ह्यो काय?"

"काय?"

"तंबाखू. अंगठ्याला चिकटून आत पडती, ती पाण्यात उतरती आणि भितीतनं वर येती. वर्साला एक असं शंभर वर्सं येत ऱ्हाईल. अण्णा, आजून एक कण जरी पडला, तर मी गावाला गेलो. आणि त्यो दुसरा हाय, त्येला दिसत न्हाई."

 पुंडलिक गेला तर घर गेलं. पण रिक्षावाल्यांना दटावायचं म्हणजे भीमसेनला दटावायचं. भीमसेन हा स्टँडचा म्होरक्या. पहाडासारखा माणूस, आणि आवाज असा की त्यानं गिऱ्हाइकाला हाक मारली की पुढच्या रस्त्यावरची रिक्षा थांबायची. दोन दिवस प्रभंजनराव अंगणात येरझाऱ्या घालत राहिले. तिसऱ्या दिवशी सकाळी दहाच्या सुमारास भीमसेनचा अंगठा कुंपणावरून आत आला, आणि प्रभंजनरावांच्या तोंडून, त्यांना विचारल्याशिवाय, एक वाक्य बाहेर पडलं.

"भीमसेन, त्याच्यात अज्जा आहे रे."

अंगठा हवेत थांबला. कन्नडात अज्जा म्हणजे आजोबा, आणि साधुपुरुषही. "यार अज्जा?" कुठला अज्जा, असं भीमसेननं विचारलं.

"चुन्यातला. खड्डा खणताना लागला," प्रभंजनराव म्हणाले. जीभ घसरतच चालली. "फार जुना. चुन्यातच बसून समाधी घेतलेला. तीन महिने कुणी स्पर्श करायचा नाही अशी त्याची आण आहे. करील त्याची जीभ सुजते."

भीमसेन मोठ्यानं हसला. "अण्णा, चुना वाचवायला देव काढलात की हो," असं म्हणून त्यानं भरपूर चुना उचलला, तंबाखूला चोळला आणि बार दाढेखाली ठेवून दिला.

आता झालं होतं काय, की पुंडलिकनं त्या टोकाला अर्ध्या तासापूर्वीच नवी कळी टाकली होती. ती पुरती विरलेली नव्हती. दुसऱ्या दिवशी सकाळी प्रभंजनरावांनी दार उघडलं, तर पायरीवर भीमसेन गुडघे टेकून बसलेला. जीभ तोंडात मावत नव्हती. समोर नारळ, उदबत्ती, आणि मागं उभे असलेले सहा रिक्षावाले, सगळ्यांनी पायताणं काढलेली. त्यातला एक हळूच म्हणाला, "अण्णा, अज्जाला सांगा की, चुकलं म्हणून."

 खरं सांगावं, तर हा पहाड उठेल आणि सुजलेल्या जिभेचा हिशेब मागेल. प्रभंजनराव म्हणाले, "सांगतो."

त्या दिवसापासून खड्ड्यात अंगठा पडला नाही. पुंडलिक खूष झाला. पण त्याला ही गोष्ट कळली तेव्हा त्यानं बिडी कानावरून काढली आणि परत कानावरच ठेवली.

"देव आणायला सोपा असतुया, अण्णा," एवढंच तो म्हणाला.

स्टँडच्या कोपऱ्यावर फुलं विकणारी अनुसया होती. तिनं पहिला गजरा खड्ड्याच्या काठाला ठेवला आणि कुंपणावरून विचारलं, "अज्जाचा वार कुठला हो अण्णा?"

माहीत नाही म्हणावं तर खोटं उघडं पडणार. "सोमवार," प्रभंजनराव म्हणाले.

"आणि नाव?"

"सुण्णदज्जा." कन्नडात चुन्याला सुण्ण म्हणतात. भेदरलेल्या डोक्याला त्याहून लांबचं काही सुचलं नाही.

"नैवेद्य?"

रांजणाशेजारच्या ढेपेकडं नजर गेली. "गूळ."

घरात आल्यावर शकुंतलाबाई म्हणाल्या, "तुम्ही मोऱ्या काढत होता तेच बरं होतं. एका मोरीला तीन पाइप दिलेत तरी त्यातून पाणीच यायचं."

"मी काय करू? ते विचारतात."

"विचारू दे. उत्तर देणं सक्तीचं नसतं. माझ्या वर्गातल्या निम्म्या मुलींना हे ठाऊक होतं."

तीन महिन्यांनी पुंडलिकनं खड्ड्यातून थापीभर चुना उचलला. थापी उलटी केली, तरी तो पडला नाही. "झालं लोणी," तो म्हणाला. मग जे काम सुरू झालं ते बघायला कॉलेजातले प्राध्यापक येऊन उभे राहायचे. वाळू सात वेळा चाळलेली. तिच्यात चुना मिसळून दगडी घाणीत दळायचा. बैल मिळाले नाहीत म्हणून घाणीला भीमसेननं स्वखुशीनं रिक्षा जुंपली आणि जीभ बरी झाल्याबद्दल एकशे आठ फेरे घातले. गिलाव्याचे तीन हात, प्रत्येक हाताला लाकडी फळीनं बडवायचं, आणि शेवटचा हात पडला की नदीतल्या गोट्यानं घोटायचं. पुंडलिक एका भिंतीला चार-चार दिवस घोटत बसायचा, झोपलेल्या लेकराच्या पाठीवरून हात फिरवावा तसा. माजघराची भिंत पुरी झाली तेव्हा शकुंतलाबाईंनी तिच्यात बघून कुंकू लावलं. सुतारानं खांबांचे कुजलेले पाय कापून नवं सागवान असं सांधलं की सांधा सापडायला नख लावावं लागे. कौलं उतरवून, धुवून, परत चढली. दुपारी बाहेर रस्ता तापलेला असायचा आणि आत माठात बसल्यासारखं वाटायचं.

प्रभंजनरावांना हे सगळं दिसत होतं, आणि छातीवर धोंडा वाढत होता. सोमवारी नारळ फुटायचे. आधी पाच, मग पन्नास. लोक आता गूळ आणत, आणि गुळाबरोबर चुनाही. आपल्या डबीतला चिमूटभर चुना अज्जाला वाहायचा आणि तंबाखू सोडायची, अशी प्रथा कुणी पाडली कळलं नाही. गावाबाहेरच्या बेलूरच्या कारखान्यातली पाळी सुटली की बस इथं थांबू लागली. पोलिसात जावं असं एकदा मनात आलं. त्याच सोमवारी एक हवालदार फाटकातून आत आला. प्रभंजनराव दोन्ही हात वर करायच्या बेतात होते, तोवर त्यानं बूट काढले, खिशातून गुळाचा खडा काढला आणि विचारलं, "प्रदक्षिणा किती घालायच्या?"

"पाच," प्रभंजनराव म्हणाले.

सगळ्यात वाईट म्हणजे ते स्वतः घाबरू लागले. कशाला, हे त्यांना सांगता येईना. अज्जा आपणच केलेला, दहा वाजता, उभ्याउभ्या. त्याचं आपल्याला काय भय? पण भर दुपारी घरात एकटे असले की खड्ड्याकडून बुडबुडा फुटल्याचा आवाज यायचा, आणि हे मान वळवायचे नाहीत. एके दिवशी माजघराच्या त्या आरशासारख्या भिंतीवर, दाराच्या वर, अंगठ्याचा एक ठसा दिसला. ओल्या चुन्यात उमटून वाळलेला, स्पष्ट, रेघा मोजून घ्याव्यात असा. तिथं हात पोचणारा माणूस त्या घरात नव्हता.

"पुंडलिक, हा तुझा?"

पुंडलिकनं आपले दोन्ही अंगठे पुढं धरले. चाळीस वर्षं चुन्यात राहून ते नाण्यासारखे गुळगुळीत झाले होते. एकही रेघ नव्हती.

प्रभंजनराव ओसरीवर जाऊन बसले. सूर्य डोक्यावर होता आणि त्यांचे दात वाजत होते.

वास्तुशांतीला त्यांनी अकरा माणसांना बोलावलं होतं. चारशे आली. राहतं घर सोडून दोघं सामान घेऊन आले तेव्हा ओसरीवर बसायला जागा नव्हती. राजू नावाच्या एका टाइल्सच्या दुकानदारानं अज्जाच्या सेवेची समिती काढली होती, आणि तो फीत घेऊन माजघराची भिंत मोजत होता.

"काय करताय?" प्रभंजनरावांनी विचारलं.

"अण्णा, तुम्ही काही काळजी करू नका. सगळीकडं टाइल लावून देतो. पांढऱ्या, चकचकीत, वर मोराचं डिझाइन. पुसलं की झालं. अज्जाची सेवा."

खाली बसलेल्या पुंडलिकनं हातातला गोटा जमिनीवर ठेवला. त्याचं तोंड बघून प्रभंजनरावांच्या मनात आलं, सांगून टाकावं. मारतील तर मारतील. तेवढ्यात अनुसयेला दारावरचा ठसा दिसला.

"अज्जाचा अंगठा," ती म्हणाली, आणि सगळं माजघर गुडघ्यावर आलं.

"माझा आहे तो," शकुंतलाबाई स्वच्छ आवाजात म्हणाल्या. "वाळलंय का बघत होते. स्टुलावर चढून." मग तो अंगठाही दाखवला. कुणी बघितलं नाही. एका बाईनं मात्र त्यांच्या पायावर डोकं ठेवलं, आणि त्या दोन पावलं मागं सरल्या. त्यांना मागं सरताना प्रभंजनरावांनी लग्नानंतर पहिल्यांदाच पाहिलं. एका घरात दोघं घाबरलेले, असं कधी झालं नव्हतं.

ते अंगणात खड्ड्याजवळ जाऊन उभे राहिले.  "ऐका," ते म्हणाले. "अज्जा नाही. नव्हता. मी खोटं बोललो. चुन्यात तंबाखू पडू नये म्हणून बोललो."

लोक शांतपणे ऐकत होते. भीमसेननं प्रेमानं मान हलवली. "अण्णा, मग माझी जीभ?"

"तो चुना कच्चा होता. आता नुसता चुना आहे. बघा, मी खातो."

त्यांनी वाकून अंगठा खड्ड्यात नेला, आणि तिथंच त्यांच्या लक्षात आलं. चारशे माणसं श्वास रोखून बघत होती. जीभ भाजली, तर अज्जा कोपला. नाही भाजली, तर अज्जा प्रसन्न झाला. या अंगठ्याला परतायला वाट नव्हती. घाम कानामागून सदऱ्यात उतरत होता. मागं घ्यावा म्हटलं, तर हात मागं येईना.

भित्रा माणूस भीत भीतच चुना उचलणार. त्यांनी वरची नुसती साय खरवडली. वर पाण्याचा थर न उरल्यानं ती साय दोन-चार महिन्यांच्या हवेनं मरून खडू झाली होती, आणि खडू कधी कुणाला भाजत नाही. त्यांनी तो जिभेवर ठेवला, गिळला, आणि तोंड उघडून उभे राहिले.

जीभ गुलाबी होती. चारशे माणसं आडवी झाली.

त्यानंतर त्या घरात राहणं म्हणजे एखाद्या बसस्टँडवर अंथरूण घालणं होतं. शकुंतलाबाई भाकरी थापत असल्या की मागं दहाजणी हात जोडून उभ्या. पहिली भाकरी प्रसाद म्हणून जायची. प्रभंजनराव आंघोळ करून बाहेर आले की त्यांचं पाणी न्यायला बाटल्या तयार. राजूच्या टाइल्सची खोकी ओसरीवर येऊन पडली, गिलावा खरवडायला सोमवारनंतरचा मुहूर्तही निघाला. पुंडलिक गावाला गेला होता. जाताना म्हणाला, नाक दाबताना मला बघवायचं न्हाई.

"तुम्ही आणलात," शकुंतलाबाई म्हणाल्या, "तुम्हीच घालवा."

"कसं?"

"आला तसा. तुमचं तर तो ऐकतो."

इतकं सोपं आधी कसं सुचलं नाही, याचंच प्रभंजनरावांना नवल वाटलं. सोमवारी सकाळी ओसरीवर उभं राहून त्यांनी सांगितलं, की पहाटे सुण्णदज्जा स्वप्नात आला. म्हणाला, माझं इथलं काम झालं. मी कलघटगीच्या वाटेवरच्या माळावर जातो. या घरात आता मी नाही राहत. इथं घरवाल्यांना सुखानं राहू द्या.

लोक रडले. राजूनं खोकी उचलायला माणूस बोलावला. प्रभंजनरावांना कित्येक महिन्यांनी पोटभर श्वास आला. आणि तेवढ्यात अनुसया डोळे पुसत म्हणाली, "पण अण्णा, अज्जा जाणार कसा?"

"म्हणजे?"

"चालत कसा जाईल? तो चुन्यात आहे की. चुना तर भिंतीत आहे."

भीमसेन उठला आणि सदऱ्याच्या बाह्या वर केल्या.

"आपण नेऊया."

"नको," प्रभंजनराव म्हणाले, पण ते कुणाला ऐकू गेलं नाही.

दहा वाजता सुरुवात झाली. कुणी आरडाओरड केली नाही, ढकलाढकली नाही. बायकांची रांग डावीकडून, पुरुषांची उजवीकडून. प्रत्येकजण भिंतीला नमस्कार करायचा, नखानं, चमच्यानं, किल्लीनं चिमूटभर चुना काढायचा, डब्यात ठेवायचा आणि पुढं सरकायचा. आधी गुळगुळीत कांती गेली, मग मधला हात, मग खालचा. अकरा वाजता हुबळीहून तीन बसेस आल्या. साडेअकराला बातमी बेलूरला पोचली आणि कारखान्याची पाळी घमेली घेऊन आली. गिलावा संपल्यावर दगडांच्या सांध्यांतला चुना लागला. तो काढायचा तर दगड काढायला हवा, आणि दगड काढायचा तर वरचं छप्पर.

प्रभंजनराव एका खांबाला मिठी मारून उभे होते. कुणीतरी नम्रपणे म्हणालं, "अण्णा, जरा बाजूला," आणि खांबही गेला. चुना त्याच्याही पायाशी लागलेला होता.

दुपारी पुंडलिक आला. कुणीतरी त्याला फोनवर सांगितलं असावं. तो फाटकात थांबला. त्याची चार महिन्यांची भिंत पाच-पन्नास हात पहारीनं उचकटत होते. प्रभंजनरावांना वाटलं हा आता रडेल, किंवा कुणाचं तरी डोकं फोडेल. पुंडलिकनं डोक्याचा पटका सोडला, कमरेला बांधला आणि गर्दीत शिरला.

"असं न्हवं," तो पहार हिसकावून घेत म्हणाला. "दगुड फुटतोय. वरनं खाली येऊ नका. कोपऱ्याचा आधी काढा, मग त्येचा शेजारी. कौलं उभी रचा, आडवी नगं. जसं चढवलं तसं उतरवायचं असतंय."

मग काम भराभर आणि फारच सुंदर झालं. एक कौल फुटलं नाही. खांबांचे सांधे त्यानं एकेक मोकळे करून दिले. हातातून हातात दगड जात होते, आणि रस्त्यावर रिक्षांची रांग पार रेल्वे फाटकापर्यंत लागली होती. प्रत्येकीच्या मागच्या सीटवर भिंतीचा एकेक तुकडा बसलेला होता, त्याच्यावर अनुसयेचा गजरा. शेवटच्या रिक्षात फडताळ चढलं, मसाल्याच्या डब्यासकट, कारण ते भिंतीतलं होतं.

"अण्णा, माळावर येणार नव्हं?" भीमसेननं विचारलं. "पहिला दगड तुमच्या हातनं."

"नाही," शकुंतलाबाई म्हणाल्या.

भीमसेननं त्यांना नमस्कार केला आणि रिक्षा सुरू केली. पुंडलिक तिच्यात आधीच जाऊन बसला होता. "तिकडं चुकीचं रचतील," एवढंच तो म्हणाला, आणि ते खरं होतं.

दिवस मावळायला अजून घटकाभर अवकाश होता. जोतं तेवढं राहिलं, झाडून काढल्यासारखं स्वच्छ. माजघर कुठं संपत होतं आणि स्वयंपाकघर कुठं लागत होतं, ते फरशीवरच्या रेघांवरून कळत होतं. चहूबाजूंनी वारा येत होता. रस्त्यावरची माणसं थेट आत बघत होती, आणि आत बघताहेत हे कळून ओशाळून नजर वळवत होती.

शकुंतलाबाई स्वयंपाकघराच्या जागी उभ्या होत्या. त्यांनी कुकर उचलला, कपड्यांची पिशवी उचलली, आणि सरळ चालत, भिंत होती तिथून, अंगणात उतरल्या.

"चला," त्या म्हणाल्या.

प्रभंजनराव त्या रेघेपाशी आले. पाऊल उचललं, तर छाती अशी धडधडू लागली की पाऊल परत खाली आलं. समोर काही नव्हतं. तरी त्यांना ती रेघ ओलांडता येईना. ते मागं वळले, माजघर पुरं चालून गेले, ओसरीच्या बाजूला वळले, दार होतं त्या जागी आले, जरासं वाकले, आणि मग बाहेर पडले.